जुनं सामान विकायचंय? मग कागद कुठे चिकटवायचा ते आधी ठरवा

भोगी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि हरभरा, वांगी, गाजर, घेवडा घातलेली लेकुरवाळी भाजी. बरोबर ना?

तमिळनाडूत भोगीचा अर्थ जरा वेगळा आहे. पोंगलच्या आदल्या दिवशी घरातलं जुनं बाहेर काढायचं आणि पहाटे दारात पेटवायचं. पूर्वी त्यात फाटक्या चटया, मोडक्या टोपल्या असायच्या. आता टायर आणि प्लास्टिकही जातं. त्या धुरामुळे चेन्नईच्या विमानतळावर विमानं खोळंबल्याचंही झालेलं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ दरवर्षी सांगतं, जाळू नका.

जाळायचं नाही, तर विकायचं. आणि विकायचं म्हटलं की लोकांना कळवायला हवं. म्हणजे पाटी आली.

आजचा विषय हाच आहे. घरातलं जुनं सामान विकताना आपण जो छोटासा कागद किंवा पाटी लावतो, ती कुठे लावता येते आणि कुठे नाही? यासाठी मी मुद्दाम कुंभकोणमचं उदाहरण घेतलंय. तिथे मराठी घरं आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तंजावरच्या भोसले राजांच्या काळात (१६७६ ते १८५५) जी कुटुंबं कावेरीकाठी गेली, ती तिथलीच झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. आजही तिथे दक्षिणी मराठी बोलणारी घरं आहेत. मुलं मात्र चेन्नई, बंगळूर, पुणे नाहीतर त्याहूनही लांब. मग एक दिवस जुनं घर आवरायची वेळ येते.

समजा, तुमच्या आत्यांचं तिथे असं एक घर आहे. पुढे ओसरी, मध्ये अंगण, माजघरात साखळ्यांचा लाकडी झोपाळा. माळ्यावर नवरात्रातल्या गोलूच्या बाहुल्या आणि त्यांच्या पायऱ्या. पितळेचे हंडे, उरुळ्या, समया. आत्या आता मुलाकडे राहायला जाणार आणि तुम्ही चार दिवसांची रजा काढून मदतीला आलात. पितळ तर पात्रकडैत, म्हणजे भांड्यांच्या दुकानात, वजनावर जाईल. भंगार घ्यायला दारावर माणूस येतोच. आपल्याकडे बोहारीण कपड्यांवर भांडी द्यायची ना? तसा तिकडचा फेरीवाला जुन्या लोखंड-पितळेच्या बदल्यात खजूर द्यायचा. जुन्या माणसांना विचारा, त्या आरोळीची आठवण निघाली की हसू येतं.

पण झोपाळा कोण घेणार? शिसवी कपाट? दळायचं जातं? याला गिऱ्हाईक हवं आणि ते आसपासच्या गल्ल्यांतूनच मिळणार. म्हणून तुम्ही दहा कागद लिहिता, खळ नाहीतर सेलोटेप घेता आणि बाहेर पडता.

जरा थांबा.

भिंत कोणाची?

कुंभकोणमच्या रस्त्यावर आलात की वाटेल, इथे तर सगळंच चालतं. भिंतींवर सिनेमाची पोस्टरं, वाढदिवसाची पोस्टरं, 'कण्णीर अंजली' म्हणजे श्रद्धांजलीची पोस्टरं, त्यात गेलेल्या माणसाचा फोटो आणि खाली सगळ्या नातेवाइकांची नावं. राजकीय पक्ष तर निवडणुकीच्या आधीच चुना मारून भिंत 'राखून' ठेवतात, वर पक्षाचं नाव आणि साल लिहून. एवढ्या गर्दीत आपल्या वहीच्या कागदाचं कोणाला काय?

कायद्याला आहे. तमिळनाडूत १९५९ सालापासून एक कायदा आहे, उघड्या जागा विद्रूप करण्याला आळा घालणारा. त्यातली मुख्य गोष्ट साधी आहे. लोकांच्या नजरेला पडणाऱ्या कुठल्याही जागेवर जाहिरात लावायची, तर त्या जागेच्या मालकाची, तिथे राहणाऱ्याची किंवा तिची व्यवस्था पाहणाऱ्याची लेखी संमती हवी. ती नसेल तर तो गुन्हा, आणि त्याला दंडाचीही तरतूद आहे आणि कैदेचीही. कागद लहान आहे की मोठा, धंद्याचा आहे की घरचा, हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न, भिंत कोणाची?

'लेखी' या शब्दाकडे लक्ष द्या. समोरच्या मामींनी गॅलरीतून मान हलवली, एवढ्यावर भागत नाही. दोन ओळी लिहून घ्या, किंवा निदान मेसेज तरी घ्या. मामी आज हो म्हणतील, उद्या त्यांचा मुलगा येऊन विचारेल की नव्या रंगावर टेप कोणी लावली.

आता गल्लीतल्या एकेका जागेकडे बघू.

विजेचा खांब, ज्याला तिकडे सगळे ई.बी. पोस्ट म्हणतात. तो वीज कंपनीचा आहे, त्यामुळे नाही. आणि फक्त मालकीचा प्रश्न नाही. दुरुस्तीला वायरमन त्याच खांबावर चढतो. तिथे तार गुंडाळून लावलेली पाटी किंवा मध्येच राहिलेला खिळा त्याच्या हाताला आणि पायाला आडवा येतो.

झाड. इथेही नाही. चेन्नई महापालिकेने २०१९ मध्ये झाडांना खिळे ठोकून जाहिराती लावणाऱ्यांना २५ हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होईल असा इशारा दिला होता. आपल्याकडे पुण्यात 'आंघोळीची गोळी' या संस्थेची मुलं 'खिळेमुक्त झाडं' मोहिमेत झाडांतले खिळे उपटत फिरली. त्या खिळ्यांवर कधीकाळी क्लासच्या, पेइंग गेस्टच्या आणि 'सामान विकणे आहे'च्याच पाट्या होत्या. सुतळीने बांधली तर? झाडाला कमी त्रास, पण झाड तरीही तुमचं नाही.

देवळाची भिंत. कुंभकोणममध्ये दर दोन वळणांवर देऊळ आहे आणि देवळाच्या लांबच लांब भिंतीसारखी मोहात पाडणारी जागा दुसरी नाही. पण या देवळांचा कारभार बहुतेक राज्याच्या धर्मादाय खात्याकडे आहे, त्यामुळे संमतीशिवाय नाही, आणि अशा कागदाला संमती मिळायची नाही. दारासुरमचं ऐरावतेश्वर तर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असल्यामुळे तिथे नियम आणखी कडक. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

(तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो मात्र आज आपण कौतुकाने दाखवतो. राजे होते, आणि १९५९ला बराच अवकाश होता.)

मग एखादा छोटा फ्लेक्स? कोपऱ्यावर दोन बांबू रोवून? हे तर अजिबात नको. कागदाचा आणि बॅनरचा नियम वेगळा आहे. सार्वजनिक रस्त्यावर बॅनर लावायला परवाना लागतो, तोही आधी अर्ज करून. कुंभकोणम २०२१ पासून महानगरपालिका झालं आहे आणि दारासुरमही आता तिच्याच हद्दीत येतं, त्यामुळे चौकशीची जागा म्हणजे महापालिकेचं कार्यालय.

आणि इथे नियमाच्या मागे एक जीव गेलेला आहे. १२ सप्टेंबर २०१९. चेन्नईतलं पल्लिकरणै. २३ वर्षांची एक सॉफ्टवेअर इंजिनियर स्कूटरवरून घरी चालली होती. रस्त्याच्या दुभाजकावर विनापरवाना लावलेला एक बॅनर तिच्या अंगावर पडला, ती खाली पडली आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली सापडली. तो बॅनर कसला होता माहितीये? एका राजकीय कार्यकर्त्याच्या घरच्या लग्नाचा. म्हणजे घरगुतीच. मद्रास उच्च न्यायालयाने त्याच्या आधीही बॅनरबद्दल आदेश दिले होते, ते पाळले गेले नव्हते. त्यानंतर पक्षांनी आणि सिनेनटांनी आपापल्या लोकांना सांगितलं की आमच्यासाठी बॅनर लावू नका. ती मुलगी माझ्याच वयाच्या आसपासची होती, म्हणून असेल, पण 'एका दिवसापुरता तर लावायचाय' हे वाक्य ऐकलं की मला ती बातमी आठवते.

मग लावायचा कुठे?

आत्यांच्या स्वतःच्या फाटकावर. स्वतःच्या ओसरीच्या खांबावर, खिडकीच्या आतून, कंपाउंडच्या आतल्या बाजूला. तुमची भिंत, तुमची संमती. पाटी फाटकाबाहेर रस्त्यावर झुकता कामा नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागता कामा नये, एवढं बघा. आपल्या पुणेरी पाट्या बघा ना! कितीही खवचट असोत, लावलेल्या असतात स्वतःच्या दारावर. एवढं तारतम्य पुणेकरांनी कायम राखलं आहे.

घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या फलकाला सेक्रेटरींची परवानगी घ्या.

दुसरी जागा म्हणजे दुकानाच्या आतली. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, कॉफीची पूड दळून देणारं दुकान, इस्त्रीवाला. पुडीचं पार्सल घेताना विचारा, 'अण्णा, काउंटरच्या बाजूला एक कागद लावू का, रविवारी संध्याकाळी काढून नेईन.' काढण्याचा दिवस आपणहून सांगितला की बहुतेक लोक नाही म्हणत नाहीत. भजनी मंडळाचा फलक, वाचनालयाचा फलक, हेही असेच विचारून.

असे चार कागद दहा भिंतींवरच्या कागदांपेक्षा जास्त कामाचे. कॉफी घ्यायला आलेला माणूस उभा राहून वाचतो. खांबावरचं कोण वाचतं?

कागदावर तमिळ हवंच. 'वीट्टु उपयोग पोरुट्कळ विर्पनैक्कु', म्हणजे घरगुती वापराच्या वस्तू विकणे आहे. दुकानांच्या पाट्यांवर तमिळ आधी आणि मोठं असावं असा तिथला नियम आहे, जसा आपल्याकडे मराठीचा. तुमचा कागद काही दुकान नाही, त्यामुळे सक्ती नाही. पण झोपाळा घेणारा माणूस पलीकडच्या गल्लीतला असणार, त्याला वाचता यायला नको का? शेजारच्या शाळकरी मुलीकडून अक्षर काढून घ्या. आणि जाता-जाता एक ओळ ओळखायला शिका, 'इंगे नोटीस ओट्टादीर्गळ'. म्हणजे आपलं 'येथे जाहिराती चिकटवू नयेत'. ती दिसली की पुढे चला.

कागदावर काय लिहू नये

'घर सोडत आहोत, सर्व सामान विकणे' असं लिहू नका. हे गिऱ्हाइकाला जितकं कळतं तितकंच चोरालाही कळतं. त्यातून घरात एकट्या आत्या. 'शनिवार-रविवार, सकाळी १० ते १' एवढी वेळ द्या आणि त्या वेळेत घरात दोन-तीन माणसं असू द्या. आत्यांचा नंबर देऊ नका, तुमचा द्या. पूर्ण नावाची गरज नाही.

दागिना, रोख, कपाटातल्या तिजोरीचा उल्लेख नको. सामान ओसरीत मांडा, लोकांना माजघरात नेऊ नका. झोपाळा आत असेल तर फोटो काढून बाहेर दाखवा आणि सौदा पक्का झाल्यावरच आत न्या.

आणि फोनवर कोणी म्हणालं, 'मी पैसे पाठवतोय, हा क्यूआर कोड स्कॅन करा', तर फोन ठेवा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

'पुरातन मूर्ती विकणे आहे'

हे शब्द कुंभकोणमच्या गल्लीत लिहाल तर गिऱ्हाइकाच्या आधी पोलीस येतील, आणि ते बरोबरच असेल. या भागातल्या देवळांतून चोरलेल्या मूर्ती जगभर विकल्या गेल्या. तमिळनाडू पोलिसांची मूर्तीचोरीसाठी वेगळी शाखा आहे आणि असे खटले कुंभकोणमच्याच न्यायालयात चालतात. न्यूयॉर्कचा कलाव्यापारी सुभाष कपूर याला १ नोव्हेंबर २०२२ रोजी इथेच दहा वर्षांची शिक्षा झाली.

आत्यांच्या देवघरातला बाळकृष्ण चोरीचा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र पुरावस्तू ठरू शकतं. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी असते, मालक बदलला तर कळवावं लागतं आणि अशा वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. जवळच स्वामिमलैला पंचधातूच्या नव्या मूर्ती ओततात, तंजावर चित्रंही नवी मिळतात. त्यामुळे घरातली वस्तू नवी आहे की जुनी, हे आधी जाणकाराला दाखवा. तोपर्यंत ती कागदावर नको आणि ओसरीतही नको.

हस्तलिखितांना तर शंभर नव्हे, पंचाहत्तरच वर्षं पुरतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांचं झालं की तेही पुरावस्तूत बसतं. आणि इथे मला जरा आवाज चढवायचा आहे. तंजावरकडच्या मराठी घरांच्या माळ्यावर मोडीतले कागद, हाताने लिहिलेल्या पोथ्या, पदांच्या वह्या निघतात. घरात मोडी कोणालाच येत नाही, देवनागरी वाचणारेही कमी. मग ते 'जुनी रद्दी' या एका शब्दाखाली किलोवर जातं. कृपा करून तसं करू नका. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आणि मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. तिथे दाखवून या. कुंभकोणमहून तंजावर सुमारे ४० किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत. कदाचित ते म्हणतील, यात काही विशेष नाही. पण ते त्यांना म्हणू दे, रद्दीवाल्याला नको.

तुम्ही महाराष्ट्रात किंवा परदेशात असाल तर

महाराष्ट्रातही असाच कायदा आहे, १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात एक गंमत म्हणजे कागद चिकटवणारा पोरगा आणि ज्याच्या फायद्यासाठी चिकटवला तो, असे दोघंही अडकू शकतात. तेव्हा 'मी नाही, पेपरवाल्याने लावले' हे चालत नाही. त्यावर तुमचाच फोन नंबर असतो.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांना हे सगळं 'गराज सेल' म्हणून चांगलं माहीत आहे. तिथेही विजेच्या खांबाला आणि रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यात पाटी लावायला बहुतेक गावांत मनाई असते. कुठे सेलसाठी परवाना लागतो, कुठे संपल्यावर ठराविक तासांत पाटी काढावी लागते. ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावात कार्यक्रमाला वाट दाखवणारी पाटी सहा चौरस फुटांपेक्षा मोठी चालत नसे आणि ती कार्यक्रमाच्या १२ तास आधी ते १ तास नंतर एवढ्याच वेळात लावता येई. निवडणुकीच्या पाट्यांना मात्र भरपूर मोठा आकार आणि भरपूर दिवस. एका छोट्या चर्चने याविरुद्ध दाद मागितली आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्व नऊ न्यायाधीशांच्या मताने चर्चच्या बाजूने निकाल दिला. पाटीवर काय लिहिलंय ते बघून वेगवेगळे नियम लावता येणार नाहीत, असं बहुमताच्या निकालपत्राने सांगितलं. पण त्याच निकालपत्रात हेही होतं की सरकारी जागेवर पाट्यांना मनाई करायची तर गावाला करता येईल, फक्त सगळ्यांना सारखी. शेवटी तिथेही प्रश्न तोच, जागा कोणाची?

आपल्याकडे ही 'सगळ्यांना सारखी' गोष्ट कमी दिसते, हे मी मान्य करते. पक्षाचं पोस्टर महिनाभर राहतं आणि तुमचा झोपाळ्याचा कागद दुसऱ्या दिवशी फाडला जातो. चीड येते. पण पोस्टरवाल्याकडे वकील असतो, आत्यांकडे नसतो.

रविवारी दुपारी एकला विक्री संपली की आधी कागद काढा, मग जेवा. फाटकावरचा, कॉफीच्या दुकानातला, वाचनालयातला, समोरच्या मामींच्या भिंतीवरचा. किती लावले ते आधीच मोजून ठेवा, म्हणजे एखादा राहणार नाही. राहिला, तर झोपाळा विकून सहा महिने झाल्यावरही तुमचा फोन वाजत राहील. सेलोटेपचे उरलेले तुकडे खोबरेल तेलाचं बोट फिरवून थोडा वेळ ठेवले की फाटकावरून सहज निघतात. मामींच्या चुन्याच्या भिंतीला मात्र टेप नकोच, तिथे आधीपासून सुतळीने खिडकीच्या गजाला बांधा.